दुकानात गाणारा रेडिओ

"दुकानात गातंय आन् घरी आलं की रेड्यावानी हंबरतंय," असं म्हणत रंभाजी नानांनी डोक्यावरचा रेडिओ माझ्या टेबलावर उतरवला. सेट गोधडीत गुंडाळून वरून सुतळीनं आवळलेला होता. आजारी माणसाला बाजेवर घालून आणावं तसा तो म्हातारा त्याला तीन मैल डोक्यावरून घेऊन आला होता. आठ दिवसांतली ही दुसरी खेप.

सदुसष्ट सालचा वैशाख होता. मी चोवीस वर्षांचा होतो आणि बार्शीत 'मनोहर रेडिओ क्लिनिक' अशी पाटी लावून मला जेमतेम चार महिने झाले होते. पोस्टानं केलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून टांगलं होतं आणि आलेल्या गिऱ्हाइकाची नजर बरोबर त्यावर जाईल अशी खुर्ची मांडली होती. नाना मात्र त्या खुर्चीत बसून फ्रेमच्या शेजारचं घड्याळ बघत. छोट्या गाडीच्या रुळांवर सव्वीस वर्षं पॉइंट्समन म्हणून सांधे बदललेला माणूस तो. नोकरी सुटली तरी वेळेची खोड सुटली नव्हती. माझं घड्याळ बघून झालं की ते खिशातलं स्वतःचं काढत आणि माझं चार मिनिटं मागं आहे हे मला ऐकवत.

"आज मंगळवार," ते म्हणाले. "गुरवारी दुपारी साडेबारा. किती तास ऱ्हायलं?"

"होईल हो नाना."

"व्हईल असं मागल्या खेपेलाबी म्हणला व्हता, इंजिनेर."

हे 'इंजिनेर' मला झोंबायचं. पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण त्या गुरुवारचं प्रकरण मला ठाऊक होतं. माघात आकाशवाणीची माणसं जीप घेऊन त्यांच्या गावात आली होती आणि जात्यावर म्हणायच्या ओव्या त्यांनी बायकांकडून फितीवर भरून नेल्या होत्या. त्यांत नानांच्या मंडळी हरणाबाईही होत्या. पुढे फाल्गुनाच्या अखेरीला तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि हरणाबाई गेल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुण्याहून कार्ड आलं, ते त्यांच्याच नावानं. आपल्या ओव्या अमुक दिवशी, अमुक वाजता ऐकवल्या जातील, असं त्यात लिहिलं होतं. घरात बाईचा साधा फोटोसुद्धा नव्हता. जे काही उरलं होतं ते पुण्यातल्या त्या फितीवर, आणि ते एकदाच वाजणार होतं.

मी सेट टेबलावर मांडला, एरियल जोडली, अर्थची, म्हणजे जमिनीत उतरणारी, वायर नळाच्या पाइपाला लावली आणि बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापले आणि पुणं असं स्वच्छ लागलं की समोरचा चहावाला मान डोलवायला लागला.

"बघा," मी म्हणालो.

"हितं काय बघू? हितं त्यो गातोयच."

"मग गुरुवारी इथंच या की. खुर्ची देतो, चहा देतो."

नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला चहाचं नाव काढल्याची लाज वाटली.

"सून बाळंतीण हाय. एकवीस दिसांचं लेकरू हाय. पोरगा ट्रकवर, त्यो कुठं नागपुराकडं. तिला एकली सोडून मी हितं चा पीत बसू? आन् इतक्या दिसांनी लेकराची आजी घरला यायची, आन् मीच घरात नसायचं व्हय?"

गावात दुसरा सेट म्हणावा तर शाळामास्तरांचा छोटा ट्रान्झिस्टर होता, आणि तो दिवसाउजेडी पुणं पकडत नव्हता. तेव्हा सगळी भिस्त ह्या जुन्या जर्मन सेटवर होती.

आता मी काय केलं ते सांगतो. आदल्या खेपेला मी आतला मोठा कंडेन्सर बदलला होता. सेट घुमायला लागला की कंडेन्सर गेला, हे माझं पाठांतर. खरं तर नानांनी मला लक्षण नीट सांगितलं होतं. पुणं लागलं की घुमतो, काटा जरा बाजूला सरकवला की मुकाट बसतो. कंडेन्सर गेलेला सेट असा निवडून घुमत नाही, तो काटा कुठंही ठेवा, घुमतच राहतो. पुस्तकात हे छापलेलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. पण कंडेन्सर बदलणं मला येत होतं, म्हणून मी कंडेन्सर बदलला. आता ह्या खेपेला व्हॉल्व्ह बदलला. दिवसभर सेट चालू ठेवला. एकदाही घुमला नाही. बुधवारी सकाळी मी सायकलच्या कॅरिअरवर तो बांधला आणि मोठ्या रुबाबात नानांच्या गावी निघालो.

घर साधंच होतं. पुढं अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, मग सोपा आणि त्याच्या आत एक खोली. आतल्या खोलीत बाजेवर नानांची सून द्वारका बाळाला घेऊन बसली होती. मधे दाराला लुगड्याचा पडदा होता. सोप्यातल्या फळीवर मी सेट ठेवला, वायरी जोडल्या, पुणं लावलं.

घूंऽऽऽ

बातम्या देणारा माणूस पोत्यात तोंड घालून बोलावा तसा बोलत होता. आत बाळ दचकून रडायला लागलं. नानांनी घड्याळ काढलं.

"गिरणी आहे का जवळ?" मी विचारलं. दोष आपल्या अंगावर राहू नये म्हणून माणूस काहीही विचारतो.

गिरणी होती, तिसऱ्या घरात. विजेची, गेल्या वर्षी बसवलेली. मी तत्काळ निदान केलं की मोटारीची खरखर लाइनीतून येते. नाना तसेच अनवाणी गेले आणि दहा मिनिटांत गिरणी बंद झाली. गिरणीवाला महादू मागोमाग आला, कपाळापर्यंत पिठानं पांढरा.

"हरणामावशीसाठी उद्या सकाळपास्नं बंद ठिवतो," तो म्हणाला. "तिनं गिरणी बसल्यापास्नं माझ्याकडं एक पायली दळाय आणली न्हाई. म्हणायची, तुझ्या गिरणीला गळा न्हाई."

गिरणी बंद होती आणि सेट घुमतच होता. महादू बिचारा माझ्याकडे बघायला लागला, मी सेटकडे, आणि नाना घड्याळाकडे.

त्या दिवशी मी तो सेट तीनदा उघडला. डाख दिलेले सगळे जोड पुन्हा तापवले. घरी गेलो तर जेवण जाईना. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो. अंथरुणावर पडून पुस्तक छातीवर घेतलं आणि तीच ती पानं उलटत राहिलो. मला भीती कसली होती हे आता कबूल करायला हरकत नाही. नानांचं काय होईल ही भीती दुसरी होती. पहिली भीती अशी की सबंध पंचक्रोशीत नाव होईल, मनोहरनं म्हातारीचा आवाज घालवला.

गुरुवारी सकाळी नऊला मी पुन्हा हजर. नाना अंगणात येरझारा घालत होते. सोप्यातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत.

"साडेतीन तास," ते म्हणाले.

मी एरियल उतरवून पुन्हा चढवली. छपरावर चढलो, चटके खाल्ले, खाली उतरलो. बटण लावलं. घूं. प्लग उलटा केला. घूं. साडेअकरा झाले तेव्हा माझ्या हाताला इतका घाम होता की पेचकस सटकत होता.

"भाऊ," पडद्याआडून द्वारकाचा आवाज आला, "आत्या व्हत्या तवर ह्यो कधी असा बोंबलला न्हाई."

"वहिनी, रेडिओला सुतक नसतं," मी फटकन म्हणालो. लगेच जीभ चावली.

ती मात्र रागावली नाही. बाळाला थोपटत तिच्या तंद्रीतच बोलत राहिली. "मी कुठं म्हणतीय तसं? तेरा दिस कुणी कशाला हात लावला न्हाई. मग मी बाळंत झाले. सव्वा महिना मला तुळशीला पाणी घालायचं न्हाई. मामांना तर काय सुचतच न्हाई. तुळस वाळून गेली बगा पार. आत्या एक दिस चुकवत नव्हत्या. रोज सकाळी कळशीभर."

मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून पुन्हा सेटच्या मागं डोकं घातलं. माझ्या नाकासमोर अर्थची वायर होती, हिरव्या रंगाची. ती फळीवरून खिडकीपर्यंत जात होती आणि खिडकीतून बाहेर. काल मी ती खिडकीपर्यंत तपासली होती. खिडकीच्या पलीकडे मेकॅनिकचं काय काम, अशी माझी समजूत.

मी उठून बाहेर गेलो. वायर भिंतीवरून खाली उतरली होती, अंगणाच्या कडेनं मातीखालून गेली होती आणि वृंदावनाच्या पायाशी गेरूच्या थराखाली दिसेनाशी झाली होती. मी नखानं गेरू खरवडला. वायर वर चढून वृंदावनातल्या मातीत शिरली होती.

ज्या कुणा जुन्या मेकॅनिकनं हा सेट बसवला तो माझ्यापेक्षा शहाणा होता. जमिनीशी जोड तुटला की सेट स्टेशनावर घुमतो, आणि अर्थ लागायला ओली माती हवी; दुकानात ते काम नळाच्या पाइपानं केलं होतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वैशाखातही ह्या घरात ओली राहणारी जागा कुठली, एवढंच त्यानं बघितलं आणि तांब्याची पट्टी तुळशीत पुरली. सर्टिफिकेट नसणार त्याच्याकडे. हरणाबाई रोज तुळशीला पाणी घालत आणि रेडिओ गात राही. त्या गेल्या, सुतक आलं, मग सोयर आलं. काडीसारखी वाळलेली तुळस माझ्यासमोर उभी होती आणि मातीला माझं बोट जाईल एवढी भेग पडली होती. तळाशी तांब्याची पट्टी दिसत होती, चहूबाजूंनी मोकळी.

मला आनंदही झाला आणि शरमही वाटली.

"नाना, पाणी," मी म्हणालो. "तुळशीत ओता."

ते कळशी घेऊन आले आणि सगळी ओतली. भेगेनं घटाघटा पाणी प्यायलं. आतून द्वारका म्हणाली, "भाऊ, गप झाला."

मी धावत आत आलो. पुण्याहून कुणी शेतीवर बोलत होतं आणि शब्दन् शब्द कळत होता. नाना दारात उभे होते.

हे सुख दहा मिनिटं टिकलं. मग लांबून भुंगा यावा तशी घुमघुम परत सुरू झाली. पाणी भेगेतून खाली निघून गेलं होतं आणि पट्टी पुन्हा मोकळी पडली होती.

"बारा पाच," नाना म्हणाले.

"मीठ आणि कोळसा द्या वहिनी, चार मुठी. मीठ पाणी धरून ठेवतं. मी दाबून बसवतो, दिवसभर बघायला नको."

द्वारकानं पडद्याखालून मिठाचं मडकं पुढं सरकवलं. मी ते घेऊन अंगणात आलो तर नाना वृंदावनाच्या आडवे उभे.

"मीठ न्हाई घालायचं."

"नाना, तुळस वाळलीच आहे."

"वाळू दे. तिच्या तुळशीत मीठ न्हाई घालायचं. मिठानं माती मरती. पुन्ना लावायची म्हणली तर लागायची न्हाई."

"मग सेट घुमेल."

"दुसरं सांग."

मला खूप राग आला. पंचवीस मिनिटं उरलेली आणि हा माणूस हटून बसलेला. पण त्यांच्या अंगावरून जाऊन ते मडकं ओतायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "मग एकच इलाज. सारखं पाणी घालत राहायचं. कळशी ओतून उपयोग नाही, तांब्यानं बारीक धार धरायची, कार्यक्रम संपेपर्यंत. हात थांबला की सेट घुमणार."

गावच्या विहिरीला वैशाखात किती पाणी असतं ते मला सांगायला नको. नानांच्या घरी दीड घागर उरली होती. पण ऐकायला आळीतल्या बायका जमायला लागल्या होत्या आणि एकीला कळलं तसं दुसरीला कळलं. उलट पावली गेल्या आणि प्रत्येकीनं आपापल्या घरचं पाणी आणलं. कुणी कळशी, कुणी चरवी. महादूनं गिरणीतला डबा भरून आणला, त्यावर पिठाची साय तरंगत होती. वृंदावनाभोवती भांड्यांची रांग लागली. मग बायका सोप्यात दाटीवाटीनं बसल्या. पडदा बाजूला सारून द्वारका बाळाला पाजत उंबऱ्याशी टेकली.

साडेबाराला पाच कमी. मी नानांच्या हातातला तांब्या घ्यायला गेलो.

"द्या इकडं. मी धार धरतो. तुम्ही आत फळीसमोर बसा."

त्यांनी तांब्या सोडला नाही.

"तू जा आत. काटा हालला तर तुझं काम हाय."

"काटा नाही हलत. नाना, हे सगळं तुमच्यासाठी चाललंय ना? तीन दिवस जीव काढलाय माझा. आता ऐकायच्या वेळेला तुम्ही उन्हात बसणार?"

ते वृंदावनाशी उकिडवे बसले. सोप्याची भिंत त्यांच्या पाठीशी होती आणि खिडकी वर डोक्याशी.

"मी म्होरं आलो की ती गप व्हायची," ते म्हणाले. "चाळीस वर्सं. पहाटं जातं सुरू व्हायचं, तिचा आवाज लागायचा, आन् मी नुसता खाकरलो तरी बंद. नवऱ्यादेखत गायचं म्हंजे तिला कसंतरीच व्हायचं. मग मी शिकलो. जाग आली तरी हालायचं न्हाई. भिंतीच्या ह्या अंगाला पडून ऱ्हायचं."

"पण नाना, आता ती फितीवर आहे. तुम्हाला बघून गप बसायची नाही."

"ठावं हाय रं मला. येडा न्हाई मी." त्यांनी तांब्या बुडवून भरला. "पर म्होरं बसून ऐकलं तर ती मला कुणी दुसरीच बाई वाटंल. मला तिची वळख भिंतीआडून हाय. जा तू."

मी गेलो नाही आणि बसलोही नाही. एक पाय अंगणात, एक सोप्यात, असा दारात उभा राहिलो.

निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं तशी बायकांत कुजबुज उठली. मग तिनं हरणाबाई रंभाजी ढवण असं पुरं नाव घेतलं आणि कुजबुज थांबली. जात्याची घरघर सुरू झाली. एवढ्या दिवसांच्या त्या मेल्या घुमघुमीनंतर ती घरघर ऐकून माझं काळीज हललं. आणि त्या घरघरीवर बाईचा आवाज चढला, जाडा, थोडा घोगरा, कुणालाही खूश करायच्या भानगडीत न पडणारा.

पहिली ओवी जात्याला, दुसरी देवाला. तिसऱ्या आणि चौथ्या ओवीत आईबाप आले. पाचवीत छोट्या गाडीतून उतरून धुरानं काळा झालेला भाऊ आला आणि सोप्यातल्या बायका रडता रडता हसल्या. सहावी सुरू झाली, आणि तिच्या मधोमध भुंगा परत आला. मी वळून बघितलं. नानांचा हात हवेत तसाच थांबला होता. तांब्या तिरपा, पण रिकामा.

"नाना, धार."

ते दचकले, भरलेली कळशीच उचलली आणि तिच्या काठावरून पाणी सोडायला लागले. भुंगा विरला. सहावीचं शेवटचं चरण स्वच्छ आलं. सातवी सुनेला होती, तिच्या पोटातल्या बाळाला. द्वारकानं बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. मग जातं थांबलं आणि निवेदिका म्हणाली, आता पुढच्या गावाकडे वळू या.

सोप्यात एका म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. माझेही डोळे भरले होते आणि ते कुणी पाहू नयेत म्हणून मी अंगणात उतरलो. नाना अजून धार धरून बसलेले.

"झालं नाना. संपलं तिचं."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "किती झाल्या?"

"सात."

"सातच? नीट मोजल्या?"

"नीट मोजल्या. सातवी सुनेला."

"शेवटची आठवी असती," ते म्हणाले. "रोज असायची. दळान सरत आलं की आवाज बारीक करून म्हणायची. माझ्यावर हाय ती. नाव न घेता."

मला वाटलं, संपलं सगळं. तीन दिवसांची ती धावपळ, डोक्यावरचं ते ओझं, ती घड्याळं, हे सगळं त्या एका ओवीसाठी होतं आणि नेमकी तीच आली नाही. मला त्या रेडिओवाल्यांचा राग आला, हरणाबाईंचाही आला.

"वेळ कमी पडला असेल हो," मी म्हणालो. "त्यांनीच कापली असेल."

नानांनी मान वर केली. त्यांचा चेहरा ओला होता, पण ते हसत होते. तीन दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

"कुणी कापली न्हाई. सातवी सरली आन् जातं थांबलं, ऐकलंस न्हवं? साळंत जातं मांडून भरून घेत व्हते तवा मी खिडकीभाईर हुभा व्हतो. तिला काय ठावं न्हाई. पर सातवी झाली आन् मास्तरीण मला बगून बोलली, नाना उन्हात का, तशी मी तिथनं पळालो. फुडं काय झालं ते कळलंच न्हाई. तवापास्नं जिवाला घोर लागलेला. वाटायचं, म्हटली असंल का ती सगळ्या दुनियेम्होरं?" त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. "न्हाई म्हटली."

न राहवून मी विचारलंच, "काय होती हो ती ओवी?"

नानांनी कळशी काखेत घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मंगळवारी चहाचं नाव काढल्यावर बघितलं होतं.

"तिनं रेडिओला सांगितली न्हाई, आन् मी तुला सांगू व्हय?"